वारसा क्षेत्रातले घरमालक

काळजी करण्यात आमच्या घरमालकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये सापडायचा नाही. आम्ही त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, त्यांना काका म्हणतो. रोज सकाळी चहाच्या आधी ते वर येणार, आमच्या खिडकीतून रोडपालीकडचे टॉवर बघणार आणि चेहरा पाडून मला सांगणार, "काल एवढे जवळ नव्हते हो."

त्यातच शहराच्या नव्या आराखड्यात जुन्या गल्ल्या 'वारसा क्षेत्र' म्हणून राखायचं निघालं आणि काकांच्या काळजीला चक्क कायदा मिळाला. गल्ली हद्दीत आली, तर कोणी दोन मजल्यांच्या वर जायचं नाही. खांब, ओटे, कौलं जशीच्या तशी ठेवायची. नाही आली, तर काकांचे दोघे भाऊ घर बिल्डरच्या घशात घालायला टपलेलेच होते. काकांनी सगळे नियम तोंडपाठ केले आणि मंजूर व्हायच्या आतच आम्हाला लागू केले. मी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला, तर हे धापा टाकत वर. "परवानगी?" समोरचे मुश्ताकभाई पागोळीचा पत्रा बदलायला निघाले, तर काका त्यांच्या शिडीला मिठी मारून उभे! मुश्ताकभाई भडकले. "काका, अम्मीला जिना चढवत नाय. आमाला लिफ्ट पायजे. तुमचे खांब घेऊन काय करू?" सगळी गल्लीच वैतागली होती.

हद्द ठरवणाऱ्या समितीच्या पाहणीचा दिवस ठरला मात्र, काकांचं बीपी असं चढलं की त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा गल्ली विरघळली. मुश्ताकभाईच म्हणाले, "लिफ्टचं मरू दे. त्यांचा जीव अडकलाय इथं. समितीवाले येतायत, गल्ली कशी चकाचक दिसली पायजे!" आता पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे दुसरं काय करतात? ओट्यांवर गुळगुळीत लाद्या बसल्या. कौलं उतरून निळे पत्रे चढले. कोरीव खांबांना गुलाबी ऑइलपेंट लागला. मी दारोदार रांगोळ्या काढल्या.

पाहणीच्या सकाळी काका रिक्षातून उतरले. त्यांचा चेहरा मी बघितला. आम्ही काय करून बसलो ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मुश्ताकभाई दाढीला गुलाबी रंग लागलेल्या अवस्थेत पुढे आले. "बघा काका! आता कोण नाय म्हणतो ते बघू!" सगळी गल्ली काकांच्या तोंडाकडे बघत उभी होती. काकांनी खांबाला हात लावला. रंग अजून ओला होता.

"सुरेख," ते म्हणाले. "अगदी सुरेख झालंय."

समितीच्या बाईंनी एक फेरी मारली, काकांना नि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "इथं जुनं असं काही उरलेलंच नाही," आणि चहा घेऊन गेल्या. हद्दीची रेघ शेजारच्या गल्लीपाशी थांबली. मुश्ताकभाई अजून समितीला शिव्या घालतात. "वशिल्याबिगर काय होत नाय इथं!"

भावांनी बिल्डरच्या कागदांवर सह्या केल्या. परवा मला राहवेना. म्हटलं, "काका, गल्लीला खरं काय ते सांगून टाकू का?"

केवढे घाबरले! "अहो, भलतंच काय! माझं काय, घरच जाईल. त्या बिचाऱ्यांची झोप जाईल."

उभ्या जन्मात ज्यांना धड झोप लागली नाही, ते माझ्याकडून शपथ घेऊनच खाली गेले. दिवाळीनंतर घर पाडणार आहेत. मी अजून कोणाजवळ बोललेले नाही.