पिनेचं मोडलेलं टोक

आमच्या चाळीत कुणाचा स्टोव्ह भडकला किंवा कुणाला इस्त्रीचा झटका बसला, की माझ्या दाराची कडी वाजते. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस बर्नर खरवडत बसतो याचं काहींना हसू येतं. येऊ दे. आधी बटण बंद करा, मग वायरीला हात लावा. हात ओले असतील तर लांबच राहा. रॉकेल पेटलं तर पाणी मारू नका, राख नाहीतर माती टाका. हे मी इतक्यांदा सांगतो, की पोरं माझी नक्कल करतात. एक मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही. यातला राखेचा नियम मी पहिल्यांदा माझ्या आईला शिकवला होता, आणि तिनं तो तंतोतंत पाळला.

ही एकोणीसशे तीसच्या आधीची गोष्ट. आमच्या घराण्यात माझ्याआधी सही करणारासुद्धा कुणी नव्हता, आणि मी बी. ए. झालो. हे मी आजही छाती काढून सांगतो. मी पुण्यात शाळेत लागलो आणि तिकडे मुळशीला धरणाचं पाणी चढू लागलं. आमचं गाव त्या पाण्याखाली गेलं. लोकांनी दारं, वासे, जाती, जे निघेल ते गाड्यांवर लादलं. आईनं एकच वस्तू गाडीत ठेवू दिली नाही. ते एक मातीचं मडकं होतं. मडक्यात राख, आणि राखेखाली आमच्या चुलीतला विस्तव. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मडकं, अशी ती भुकूमपर्यंत चालत आली. वाटेत दोनदा थांबून तिनं त्याला शेणीचा, म्हणजे गोवरीचा, तुकडा चारला. भुकूमला मामाच्या बांधावर दोन खणांचं घर उभं केलं होतं. तिथं भिंती लिंपायच्या आधी तिनं चूल घातली.

हा विस्तव तिला तिच्या सासूनं सोपवलेला. दिवसाचं काम संपलं की निखारा शेणीसकट राखेत पुरायचा, आणि सकाळी राख बाजूला सारून फुंकायचा. इतक्या वर्षांत तो एकदाही मेला नव्हता. गावात कुणाची चूल थंड पडली, तर ती बाई शेणीचा तुकडा घेऊन आमच्या दारात यायची. म्हणजे गावातल्या निम्म्या चुलींत आमचाच विस्तव. माझ्या आजीच्या सरणाला तोच लावला होता, बापाच्या सरणालाही तोच. आई म्हणायची, "माज्याबी सरणाला ह्योच लावायचा, लेका. न्हाईतर तिकडं गेल्यावर सासू इचारल, कुनाच्या घरनं आलीस म्हून."

पण भुकूमला आल्यापासून तिचा खोकला वाढला. घर बुटकं, धूर कोंडायचा. पुण्याला आणून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "चूल बंद करा. धुरानं ही बाई दोन पावसाळे काढायची नाही."

पुण्यात माझ्या खोलीवर ये म्हटलं तर, "तितं इस्तू ठिवायचा कुटं? तुज्या घरमालकाच्या डोस्क्यावर?"

मग मी पंपाचा पितळी स्टोव्ह आणला. त्याची दुरुस्ती मी गल्लीतल्या एका कल्हईवाल्याच्या शेजारी बसून शिकलो होतो. पंपातलं चामड्याचं वॉशर वाळलं की तेल देऊन नरम करायचं, बर्नरचं भोक चोंदलं की पातळ पत्र्याला लावलेल्या केसाएवढ्या पिनेनं मोकळं करायचं. आई पालथी मांडी घालून माझ्याकडे बघत होती. मी काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरखाली अडकवला, बर्नर तापू दिला, मग पंप मारला. निळी ज्योत फरफर करत उठली.

"लई वरडतुया की ह्यो," ती म्हणाली. "शिकल्याला दिसतुया."

मी तिला एकेक पढवलं. पदर खोचून बस. बर्नर तापल्याशिवाय पंप मारू नको. विझवताना फुंकर नको, चावी सैल करून हवा सोड. आणि रॉकेल पेटलंच, तर पाणी नाही, राख.

"पानी न्हाई, राक," ती म्हणाली. "राक काय, माज्याकडं मायंदाळ हाय."

स्वयंपाक स्टोव्हवर झाला तरी विस्तव मरू द्यायचा नाही, अशी आमची तडजोड ठरली. चूल बंद झाली. कोपऱ्यात ते मडकं राहिलं, त्यात राख, राखेखाली निखारा. दोन वेळा शेणीचा तुकडा, एवढंच. धूर जवळजवळ नाहीच. तिचा खोकला महिन्याभरात उतरला. मी स्वतःवर खूश होतो.

एका शनिवारी गेलो तर स्टोव्ह बंद आणि आई मामाकडून भाकरी आणून बसलेली. बर्नर उघडला तर त्यावर करपलेला भात. जेवायच्या आधी पहिला घास चुलीतल्या विस्तवाला द्यायचा ही आमची रीत. आईनं तो स्टोव्हला दिला होता, तूप घालून.

"आये, भात खातो का स्टोव्ह?"

"मग काय उपाशी ठिवू त्येला? दोन टायमाला राबतुया माज्यासाटी."

मी हसलो. मामालाही सांगितलं, तोही हसला. पुढं दोन-तीन आठवडे मी गेलो की स्टोव्हकडे बोट दाखवून पहिलं वाक्य तेच, "काय, आज जावयाला काय वाढलं?" आई हसायची, पण तोंडाला पदर लावून. घास मडक्याकडे वळला होता. मला वाटलं, सगळं ठीक झालं.

नंतरच्या एका रविवारी मी परत निघायच्या घाईत बर्नर साफ केला. पिन आत घातली, फिरवली, बाहेर काढली. टोक नव्हतं. कुठं तरी खाली पडलं असेल म्हणून जमिनीवर नजर फिरवली. पंप मारला, ज्योत आली. जरा बारीक आली. मोडकी पिन खिशात टाकली आणि पिरंगुटकडून येणाऱ्या गाडीला हात केला.

पुढच्या शनिवारी मामा रस्त्यावरच उभा होता. म्हणाला, "घाबरू नगंस. हात भाजलाय आक्काचा. जीवाला न्हाई काय."

आई दारात बसली होती, उजव्या हाताला कोपरापर्यंत कोरफडीचा गर. झालं होतं ते असं. मंगळवारी ज्योत धरेना. तिनं पंप मारला, अजून मारला. मामानं विचारलं, पोराला सांगावा धाडू का. तर म्हणाली, नको, परत म्हणंल भात चारलास. तोवर काकडा विझून बर्नर थंड झाला होता. तिनं पुन्हा काडी लावून पंप मारला, तसं रॉकेल पिचकारीसारखं बाजूनं उडालं आणि भडकलं. चोळीची बाही पेटली. शेजारी पाण्यानं भरलेली कळशी होती. तिनं कळशीला हात लावला नाही. मडकं उचललं आणि स्टोव्हवर पालथं केलं, उरलेली राख मुठीनं बाहीवर दाबली. आग विझली. मामीनं तिला ओढून बाहेर काढलं, गर लावला, आणि सगळ्यांना मडक्याची आठवण झाली तेव्हा दिवस मावळला होता. विखुरलेला निखारा उघड्यावर जळून गेला होता. मामीनं जमीन चाचपली. सगळं गार.

मी आधी काय बोललो ते मला पुसता येत नाही. मी म्हणालो, "परत भात घातलास ना?"

आई म्हणाली, "आसंल बाबा. माजंच चुकलं आसंल."

मग मी बर्नर उघडला. भाताचं शीत नव्हतं. भोकात तारेचा एक कण अडकला होता. खिशातली मोडकी पिन काढून शेजारी धरली. कसर नव्हती, बरोबर बसला. मी बाहेर जाऊन आईला तो दाखवला. ती कण बघायला वाकली, तिला दिसला नाही. म्हणाली, "येवढ्यानं?"

दुसऱ्या दिवशी मी नांद्याला गेलो. बुडालेल्या गावातली बाकी घरं कुठं कुठं पांगली होती; आमची शेजारीण तेवढी तिकडं लेकीजवळ राहायला गेली होती, शेरडं पाळून. आम्ही तिला काकी म्हणायचो. तिची चूल आमच्या विस्तवावर पेटलेली, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी शेणीचा तुकडा घेऊनच गेलो. काकीनं पाणी दिलं, आईचं विचारलं, आणि माझ्या हातातली शेणी बघून हात कपाळाला लावला.

"आरं, ती चूल मी तितंच सोडली. पानी दारात आलं, तवा शेरडं हाकू का इस्तू उचलू? आता काडीपेटी हाय की." मग हळू म्हणाली, "तुमच्यात असंल म्हून मी बिनघोर व्हते."

आमच्या डोक्यावरून तारा गेल्या होत्या. आमच्या गावावरच्या पाण्याची वीज त्या तारांतून मुंबईला जायची. त्यांच्याखालून मी कोरी शेणी घेऊन परत आलो. वाटेत एकदा मनात आलं, ती काडीनं पेटवावी आणि काकीकडची म्हणून आईपुढं ठेवावी. मी खोटं बोलणारा माणूस नाही. पण त्या दिवशी बोललो असतो तर बरं झालं असतं, असं मला कित्येकदा वाटलं आहे.

मी खरं ते सांगितलं. आईनं माझ्या हातातली शेणी घेऊन कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "काडीचा तर काडीचा. भाकरी भाजल की."

स्टोव्ह दुरुस्त झाला. नवी पिन, नवं वॉशर. ती तो वापरू लागली, नियमानं, पदर खोचून. पण पहिला घास काढणं तिनं सोडलं. पान वाढलं की सरळ जेवायला बसायची. मी एकदा म्हणालो, "आये, घास?" तर म्हणाली, "कुनाला?"

ती मार्गशीर्षात गेली. थंडीत छाती भरून आली, चार दिवसांत संपलं. सकाळी अंगणात माणसं जमली. मामा तिरडी बांधत होता. शिंकाळं तयार होतं, कोरं मडकं होतं. कुणीतरी म्हातारा म्हणाला, "घरातला इस्तू आन, पोरा."

मी आत गेलो. चुलीत हात घातला. कशासाठी घातला, मला माहीत नाही. मग स्टोव्ह पुढं ओढला. काकडा लावला, बर्नर तापू दिला, पंप मारला. शेणी ज्योतीवर धरली. बाहेरून मामानं हाक मारली, "सापडला का रं इस्तू?"

"आणतो," मी म्हणालो.

शेणीनं पेट घ्यायला वेळ लागला. मी तेवढा वेळ धरून बसलो. बर्नर एकदाही अडला नाही.