शुक्रवार आणि सोमवारच्या मधली तारकर्ली

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी सात वाजता बाळासो चौगुले तीन नंबरच्या बेडवर आडवा होतो. मग चार तास डावा हात हलवायचा नाही. हातातलं रक्त मशीनमध्ये जातं, साफ होऊन परत येतं. साडेचार वर्षं हेच चाललंय. त्याआधी बावीस वर्षं तो लक्झरी बसवर ड्रायव्हर होता. गोवा, मालवण, गणपतीपुळे. सहलीवाल्यांना न्यायचं आणि सुखरूप आणून सोडायचं. रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण त्या घेतल्या की स्टेअरिंगवर डुलकी येते म्हणून तो घ्यायचाच नाही. दोन्ही मूत्रपिंडं गेली ती त्यातूनच.

सहलीचा विषय गेल्या नोव्हेंबरात निघाला. चार नंबरच्या बेडवर प्रियदर्शनी असते, सव्वीस वर्षांची पोरगी. ती मोबाइलवर मैत्रिणीचे समुद्रावरचे फोटो बघत होती.

"मी समुद्र बघितलाच न्हाई अजून," ती म्हणाली. "आता कुठला बघतोय मी!"

"का गं? शुक्रवारी मशीन सुटलं की सोमवार सकाळपत्तूर मोकळीच हायस की," बाळासो सहज बोलून गेला. आणि मग त्याचं त्यालाच ते डोक्यातून जाईना.

डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा साफ नाही म्हणून सांगितलं. "बाळासो, शुक्रवार ते सोमवार हीच तुमच्या आठवड्यातली सगळ्यांत धोक्याची वेळ. अंगात पाणी साठतं. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडतं. तिथं समुद्रावर कोण आहे बघायला?"

बाळासोनं वाद घातला नाही. प्रत्येक खेपेला तो एकेका प्रश्नाचं उत्तर घेऊन यायला लागला. कुडाळच्या एका खासगी दवाखान्यातला राजवीर नावाचा टेक्निशियन त्यानं फोनवरून शोधून काढला. अडचण आलीच तर सुट्टीदिवशीसुद्धा मशीन लावून देतो, असा शब्द त्याच्याकडून घेतला आणि सगळ्यांचे रिपोर्ट आधीच पाठवून दिले. तारकर्लीत उतरायचं घर रस्त्याला लागून असलेलं घेतलं, गाडी दारात उभी राहील असं. घरमालकिणीला दोनदा बजावलं: मीठ कमी, टोमॅटो नको, केळी नकोत, सोलकढी तर नकोच. प्रत्येकाच्या नावाची पाण्याची बाटली भरायची ठरली. दिवसभर तेवढंच पाणी.

"आणि शहाळं?" मॅडमनी विचारलं.

"कुणाच्या हातात दिसू देत न्हाय मी."

"एक घोटसुद्धा नाही, बाळासो. साध्या माणसाला ते अमृत. त्यात नुसतं पोटॅशियम, तुम्हा लोकांना ते विष आहे."

शेवटी त्या तयार झाल्या, पण प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस पाहिजे या अटीवर. बाळासो, प्रियदर्शनी, कबनूरचा एक यंत्रमागवाला आणि दोन नंबरच्या बेडवरचे चनबसाप्पा गुरुजी, असे चार पेशंट ठरले. गुरुजी गडहिंग्लजकडचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन कोल्हापुरात मुलाकडं राहायला आलेले, सहासष्ट वर्षांचे. सगळ्या सेंटरमध्ये पथ्याला त्यांच्याइतकं कडक कुणी नव्हतं. दोन डायलिसिसच्या मधे त्यांचं वजन कधी दीड किलोच्या वर वाढलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

अडचण आली ती त्यांचीच. मुलाला, अमरेशला, रजा मिळेना. मंगळवारी संध्याकाळी तो बाळासोच्या घरी आला आणि चहाला हात न लावता म्हणाला, "आप्पा ऐकत नाहीत. जाणारच म्हणतात. तुम्ही त्यांची जबाबदारी घेणार असाल तरच पाठवतो. नाहीतर सांगा, मी त्यांना घरात कोंडून ठेवीन."

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बाळासोची बायको अक्काताई मानेनं 'नको' म्हणत होती.

"घेतो जबाबदारी," बाळासो म्हणाला.

अमरेश गेल्यावर ती बाहेर आली. "तुमचाच भरवसा न्हाई, आन् दुसऱ्याचा बा अंगावर घेताय व्हय?"



डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे पाचला ड्रायव्हरसकट भाड्यानं घेतलेली गाडी निघाली. फोंडा घाट उतरून दहाच्या आत तारकर्ली आली. प्रियदर्शनी चपला हातात घेऊन पाण्याकडं पळत सुटली, तिची आई मागून हाका मारत राहिली. बाळासोचं लक्ष समुद्राकडं नव्हतं. कुणाच्या पायावर सूज आली का, कुणाला दम लागतोय का, कुणाची बाटली किती खाली गेली, हेच तो तासातासाला बघत होता. दुपारचं जेवण नीट झालं. चारच्या सुमारास गुरुजी म्हणाले, "मी जरा सुरूच्या झाडांखाली बसतो. एकटाच."

साडेपाचला बाळासो त्यांना बोलवायला गेला. गुरुजी झाडाला टेकून बसले होते.

"चला गुरुजी, उठा."

गुरुजींनी उठायचा प्रयत्न केला आणि परत खाली बसले. "पाय जड झालेत. बसून आखडले असतील."

बाळासोनं हात पुढं केला. गुरुजींनी तो धरला, पण त्यांच्या बोटांत पकडच नव्हती. 

"गुरुजी, काय खाल्लंय प्यालंय काय?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही म्हणालो ना."

वीस पावलांवर शहाळीवाला कोयता पुसत होता. बाळासो त्याच्याकडं धावला. "ते आजोबा हितं आलते?"

"होय तर. दोन शहाळी प्याले ते. तिसरंय मागत होते, पण माझी संपली."

पुढचं सगळं घाईत झालं. ड्रायव्हरनं आणि यंत्रमागवाल्यानं गुरुजींना उचलून गाडीत घातलं. बाळासोनं अक्काताईला बरोबर घेतलं, बाकीच्यांना घरातच थांबायला सांगितलं. राजवीरला फोन लावला. तो भाच्याच्या बारशाला गेला होता. "निघा तुम्ही," तो म्हणाला, "मी पोचतोच. डॉक्टरांना सांगतो." मग मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. "त्यांच्याशी बोलत राहा. झोपू देऊ नका," एवढंच म्हणाल्या.

तिसरा फोन करायला बाळासोचा अंगठा उठेना. मालवण मागं पडलं तेव्हा त्यानं तो केला.

"अमरेश, आप्पा शहाळं प्यालेत. कुडाळला घेऊन निघालोय."

 "निघतो मी," अमरेश म्हणाला.

पुढं सहलीची एक मोठी बस रमतगमत चालली होती. ओव्हरटेक करायला वाव नव्हता. बाळासोचे हात मांड्यांवर आपोआप स्टेअरिंग फिरवत होते. मागं अक्काताई गुरुजींचे गाल थोपटत होती. "गुरुजी, पाढे म्हणा. सत्तावीसचा म्हणा." गुरुजी म्हणायला लागले. सत्तावीस, चोपन्न, एक्क्याऐंशी. एकशे आठनंतर त्यांची जीभ जड झाली.

"हॉर्न दे रं! सोडू नको, दाबून धर!" बाळासो ओरडला.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी बाहेर आली. तिथल्या डॉक्टरांनी ती बघितली आणि लगेच इंजेक्शन मागितलं. राजवीर बारशातल्या नव्या शर्टावरच मशीन लावत होता. बाळासोला कुणीतरी बाहेर बसवलं. बाकावर अक्काताई त्याच्या शेजारी होती. "मी नको म्हणत हुतो," असं ती म्हणू शकली असती. ती म्हणाली नाही. त्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी तिनं पुढं केलं. तो प्याला नाही.

तासाभरानं आतून राजवीर आला. "पाय हलवतायत. ठोके लागले मार्गाला."

अमरेश पोचला तेव्हा मशीन सुटत आलं होतं. तो बाळासोच्या समोरून आत गेला, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं, असं बाळासो नंतर सांगायचा.

रविवारी गुरुजींसकट सगळे परत आले, आणि सोमवारी सकाळी सेंटरमध्ये आपापल्या बेडवर होते. मॅडम आल्या. अमरेश गुरुजींच्या बेडच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं बोलायला सुरुवात केली, "यांनी जबाबदारी घेतली होती, आणि..."

"थांब," गुरुजी म्हणाले. "मी समजून उमजून प्यालो. यांनी विचारलं, तर तोंडावर खोटं बोललो. सहा वर्षं पाणी मोजून पितोय मी. एक दिवस मला मोजायचं नव्हतं."

 सगळ्यांना वाटलं, बाळासो सुटला. पण बाळासोच भडकला.

"एक दिवस? आणि तुम्ही मेला असता म्हणजे? ह्या पोरानं माझ्या दारात येऊन विचारलं हुतं. त्याला काय तोंड दावलं असतं मी? मला सांगायचं की. भांडलो असतो, हात धरून बसलो असतो. खोटं कशाला बोललासा?"

 अमरेश खाली बघत बाहेर गेला.

तीन आठवडे दोन आणि तीन नंबरच्या बेडमध्ये एक शब्द झाला नाही. मधे हातभराचं अंतर. चार तास दोघं छताकडं बघत पडायचे. प्रियदर्शनी इकडचं तिकडचं काढून बोलायला लावायची, दोघंही तिच्याशीच बोलायचे. सेंटरच्या नावानं आता सहल नाही, असं मॅडमनी जाहीर केलं. बाळासोनं मान डोलावली.

पण फेब्रुवारीत दुपारच्या पाळीतले पेशंट त्याला शोधत आले. राजवीरचा नंबर, गाडी, घर, सगळं त्याच्याकडंच होतं. अक्काताई म्हणाली, "जावा. मी येतो संगट." मॅडमनी दोन दिवस विचार करून स्वतःच्या नावावर परवानगी दिली.

ते ऐकून दोन नंबरवरून आवाज आला. "मला न्याल का?"

 बाळासोला ते जड गेलं, पण बोलला ते स्पष्ट. "न्हाय गुरुजी. तुमास्नी न्हाय."

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले आणि तोंड भिंतीकडं केलं.

दुसरी सहल गेली आणि काही न होता परत आली. सोमवारी बाळासो बेडवर आला, सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं. गुरुजी जागेच होते.

"कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

बाळासोनं नावं सांगितली. मग घाटात धुकं किती होतं ते सांगितलं, मालकिणीनं बिनमिठाचं कालवण कसं केलं ते सांगितलं, आणि आजरेकर म्हातारी लाटेत बसूनच राहिली, उठायलाच तयार नव्हती, तेही.

"मग?" गुरुजी म्हणाले.

अजून साडेतीन तास होते. बाळासो सांगत राहिला.