उकेची बाजू

दादाने शिकवलेले जपानी शब्द मला सगळे येतात. त्यात मोठं काही नाही. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी ऐकले की कुणालाही येतील. वाकून नमस्कार करणं म्हणजे रेइ. गुडघे मुडपून बसणं म्हणजे सेइझा. सराव सुरू करताना समोरच्याला ओनेगाइशिमासु म्हणायचं. माझ्यासोबत करा, अशी ती विनंती. जोडीतला जो तंत्र करतो तो नागे आणि ज्याच्यावर ते होतं तो उके. उके आधी मनगट धरतो आणि शेवटी पडतो.

मी उके होते.

माझा हा थोरला भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात होता. कंपनीने त्याला काही वर्षं जपानला पाठवलं. तिथे तो ऐकिदो ही युद्धकला शिकला. परत आल्यावर आमच्या कॉलनीच्या सभागृहात त्याने वर्ग सुरू केला. येणारे बहुतेक त्याच्याच कारखान्यातले. सुरुवातीला त्यांना त्या शब्दांचा वैताग यायचा.

"साहेब, सरळ पाडणारा आणि पडणारा म्हणा की," पिशोरचा एक वेल्डर एकदा म्हणाला. त्याच्या घरी अजून मेंढरं आहेत.

दादा म्हणाला, "मराठीत म्हटलं की तुम्ही लगेच ठरवता, कोण हरलं."

"ठरवावंच लागंल ना. पडून घरी गेलो तर बायकोला काय सांगू?"

सगळे हसले. शब्द मात्र जपानीच राहिले.

शिकवणारा एकाला पुढे बोलावून त्याच्यावर तंत्र दाखवतो, अशी पद्धत आहे. दादा नेहमी मलाच बोलवायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते; माझ्या पडण्यालासुद्धा आवाज नसतो, असं तो चिडवायचा. बाकीचे जोड्या लावत तेव्हा मी नव्यांना कोपऱ्यात नेऊन पडायला शिकवायचे. "आता तूही नागे हो," तो म्हणायचा. मी ते पुढच्या महिन्यावर ढकलायचे.

दादा कामावरच गेला, दुपारच्या वेळी, हृदय बंद पडून. तेराव्यानंतरही वर्ग बंदच राहिला. मग कॉलनीच्या समितीचं पत्र आलं: वर्ग चालणार नसेल तर रविवारची सकाळ योगवाल्यांना द्यायची आहे. पत्राची बातमी ऐकून वेल्डर घरी आला. चहा घेतला नाही.

"ताई, तुमीच घ्या."

"मला शिकवता येत नाही हो."

"मग आमाला दुसरं कोण हाय?"

त्या रविवारी नऊ जण आले. मॅट पसरून सगळे ओळीत सेइझात बसले. मीही जाऊन ओळीतच बसले, उजव्या टोकाला, माझ्या नेहमीच्या जागी. समोर कुणीच नव्हतं. बराच वेळ सगळे वाट बघत राहिले. कुणीतरी खाकरलं, तेव्हा मला कळलं, आणि मी उठून पुढे जाऊन बसले. रेइ एवढा एक शब्द म्हणायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला.

मग मी वेल्डरला बोलावलं. शिहोनागे दाखवायचं ठरवलं होतं. त्यात उके आपलं मनगट धरतो. आपण हात वर नेत त्याखालून वळतो आणि त्याचा हात त्याच्याच खांद्यामागे खाली आणतो. घरी आरशासमोर मी ते कितीदा तरी केलं होतं. तो वाकला, मी वाकले. ओनेगाइशिमासु. मी पुढे झाले आणि त्याचं मनगट धरलं.

तो तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, धरायचं मी का तुमी?"

मागे कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हात सोडावा आणि सभागृहाची किल्ली समितीला देऊन घरी जावं, असं वाटलं. पण बोटं सुटेनात. दादाचं मनगट रुंद होतं. याचं बारीक, ठिणग्यांनी भाजल्याच्या खुणांचं. तरी त्या पकडीनंतर काय व्हायला हवं, ते माझ्या अंगाला माहीत होतं.

"मीच धरते," मी म्हणाले. "तुम्ही करा."

"मला नीट येत नाय."

"करा."

त्याने हात वर नेला, वळला आणि माझा हात बाजूला ओढला. मी उभीच राहिले.

"पडा की, ताई," तो कुजबुजला. समोरच्याचा मान राखायला आमच्यात तोल गेला नसला तरी मुद्दाम पडतात. मीही कितीदा पडले होते.

"हात बाजूला गेला. माझा तोल अजून माझ्यापाशीच आहे. तुमच्या कपाळाजवळून न्या, मग माझ्या खांद्यामागे."

चौथ्या खेपेला तो घामाघूम झाला. "लई कडक हाय तुमी. साहेब बरे व्हते." बोलून गेला आणि ओशाळला.

"होते," मी म्हणाले. "पुन्हा."

सहाव्या की सातव्या वेळी माझा हात खांद्यामागे गेला, कमरेतून तोल सुटला, आणि पडायचं की नाही हे ठरवायला वेळच उरला नाही. दादाच्या हाताखाली असंच व्हायचं. मी पडले ती क्षणभर तशीच राहिले. डोळे भरून आले होते.

"लागलं का?" तो घाबरला.

"नाही. बरोबर केलंत."

बाहीने तोंड पुसून मी ओळीतल्या पुढच्याला बोलावलं. त्या सकाळी नऊपैकी सात जणांना मला पाडता आलं. उरलेल्या दोघांना मी पुढच्या रविवारी लवकर यायला सांगितलं.