वाटेवर पेरणारी बाई

ही गोष्ट लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा दुसरंच काही लिहून उठलो. गावात पुस्तकबाईचा विषय निघाला की मी चपला शोधू लागतो. "इतकी वर्षं आली आणि हात हलवत गेली," असं तिच्याविषयी अजून सांगतात. ते खोटं आहे, आणि ते माझ्याच तोंडून निघालेलं आहे.

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले त्या काळात ती मिशनच्या बंगल्यावरून दर गुरुवारी पायी धामणगावला येई. पांढरं लुगडं, काखेत छत्री, पिशवीत एक जाड पुस्तक. तिचं नाव कोणी विचारलं नाही. आमच्या ओसरीच्या कडेला तिच्यासाठी वेगळं पोतं असे आणि पाणी वरून ओंजळीत. याचं तिला काही वाटत असेलच, पण ती बसताना पोतं नीट झटकून बसे, जशी घरचीच.

बाया ज्वारी पाखडत असत. "हात थांबवू नका," ती म्हणे, "काम थांबलं की सासू येते, आणि सासू आली की देव जातो." सुपं रिकामी होईपर्यंत वाचायचं, मग पुस्तक मिटायचं. वाचलेल्याचा अर्थ मात्र ती कधीच सांगत नसे. कोणी विचारलंच तर वर बोट करून म्हणे, "माझं काम वाचायचं. पुढचं त्याचं तो बघेल."

एकदा तिनं पेरणाऱ्याची गोष्ट वाचली. काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत. माझी बायको गिरजा सूप खाली ठेवून म्हणाली, "काऊन वो बाई, त्याच्याकडे पेरायची तिफन नोती काय? वाटेवर बी सांडनारा गडी आमच्या घरी दोन दिस टिकनार नाही." बाया हसून लोळायच्या बाकी राहिल्या. पुस्तकबाईही हसली. "खरं आहे. माझा धनी कच्चा शेतकरी आहे. पण बी त्याचंच आहे ना? सांडू दे."

मी जिल्हा कौन्सिलच्या सरकारी शाळेत मास्तर. मला हे सगळं करमणुकीचं वाटे. मात्र त्याच सुमारास थोरल्या भावाशी माझं शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या हद्दीवरून, बिनसलं होतं. वाटणीत विहीर माझ्याकडे आली होती आणि मी त्याच्या घराला तिचं पाणी बंद केलं होतं. वहिनी उन्हातान्हात नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जाई. गावानं समजावलं, मी ऐकलं नाही.

त्या उन्हाळ्यात झिराही आटला. एका सकाळी गिरजा विहिरीवरून भरलेली घागर घेऊन थेट वहिनीच्या दाराशी गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मी आडवा आलो.

"कोणाला विचारून?"

"कोनाले काऊन विचारू? तहानलेल्याले पानी पाजा, असं बाईनं वाचलं."

"म्हणजे आता बाटणार तू?"

"मी काई किरिस्ताव होऊन नाही राह्यली. आपल्या पोथीतबी असन तसं. पन तुमी कदी वाचून नाही दाखोलं."

हात उगारला नाही, एवढंच. पण आतून जळत राहिलो. माझ्या घरात माझ्या शब्दावर तिच्या पुस्तकाचा शब्द चढला होता.

पुढच्या गुरुवारी पुस्तकबाई शाळेच्या दाराशीच थांबली. "मास्तर, एक विचारायचं होतं. वरून पत्र आलंय. या गावात काही उगवलं नसेल तर मला दुसरीकडे धाडणार आहेत. माझ्यासमोर सगळ्या हसतात. मागे काय होतं ते तुम्हालाच ठाऊक. शिकलेले आहात, खोटं सांगणार नाही. एखादीच्या तरी मनात काही राहिलं का?"

तेवढ्यात गल्लीतून गिरजा आली. डोक्यावर भरलेली घागर, पाऊल वहिनीच्या घराकडे. तिला वाट मिळावी म्हणून पुस्तकबाई छत्री मिटून भिंतीला लागून उभी राहिली. घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर पडलं. गिरजा पुढे गेली. बाई माझ्याकडे पाहत होती.

"नाही," मी म्हणालो. "एकीच्याही नाही. टर उडवतात तुमची."

तिनं मान हलवली. "ते वाया जात नाही, मास्तर. मला दिसलं नाही, एवढंच." त्यानंतर ती आली नाही. गावानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, हात हलवत गेली. गिरजानं काही गुरुवार पोतं टाकून ठेवलं. पाणी मात्र तिनं मरेपर्यंत नेलं. ती गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ वहिनीनं घातली, त्याच विहिरीच्या पाण्यानं. त्या दिवशी भावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

महिन्याभरानं मी पुस्तकबाईला शोधत गेलो. दूरच्या एका मिशनच्या ओसरीत ती बाजेवर बसली होती. डोळे गेले होते. पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि ती पाठ असलेलंच म्हणत होती.

"धामणगावचा मास्तर," मी म्हणालो. तिचा चेहरा उजळला. आपल्या शेताची चौकशी करावी तसं तिनं विचारलं, "तिकडे काही उगवलं का हो?"

मी बाहेर पाहिलं. "पाऊस बरा आहे, बाई."

"मग उगवेल," ती म्हणाली.

मी तसाच उठलो. सांगायचं ते तर येताना रस्ताभर घोकलेलं होतं: बाई, त्या दिवशी तुम्ही भिंतीला लागून जिला वाट दिलीत, तिच्या डोक्यावर होतं ते. तुमच्या पायांवरही सांडलं होतं. मी पाहिलं होतं. मला माफ करा.