पहिल्याच वाक्यात

परराष्ट्र सेवेत निवड झाली तेव्हा आमच्या गावात, झरीत, माझा सत्कार झाला. आता आपला पोरगा जगापुढं देशाची बाजू मांडणार, असं सरपंच भाषणात म्हणाले. दिल्लीत प्रशिक्षण सुरू झालं आणि पहिले काही दिवस मी काटा कोणत्या हातात अन् सुरी कोणत्या हातात, एवढंच शिकत होतो. मग परकी भाषा, टिपणं, नाही न म्हणता नकार कसा द्यायचा ते. मृत्यूची बातमी कळवण्याचाही एक तास होता. नियम साधा: पहिल्याच वाक्यात 'मृत्यू' हा शब्द आला पाहिजे, आशा वाटेल असं काही बोलायचं नाही. शिकवणारे निवृत्त राजदूत नातेवाईक व्हायचे आणि आम्ही त्यांना इंग्रजीतून फोन करायचो. माझ्या फोनचं त्यांनी सगळ्या वर्गासमोर कौतुक केलं. मीही फुशारलो.

आखातातल्या दूतावासात पहिल्याच वर्षी खरी वेळ आली. परांचीवरून पडून एक मजूर जागीच गेला होता. गाव राणीसावरगाव. मराठी येणारा मी एकटाच, म्हणून घरी फोन करायचं काम माझ्याकडं आलं. पलीकडं त्याची बायको होती, मागं शेळ्या ओरडत होत्या. मीही परभणीकडचाच म्हटल्यावर तिला इतकं बरं वाटलं, की 'मृत्यू' हा शब्द मला उच्चारवेना.

आमच्याकडं मेल्याची बातमी कुणी सरळ सांगत नाही. 'तब्येत लय सिरियस हाय' एवढंच म्हणायचं. ऐकणारा काय ते समजतो, शेजारी जमायला लागतात. नियम विसरून मी तेच बोललो. "आपल्याकडलं मानूस हाय म्हनून धीर आला. तुमीच बघा आता, सायेब," म्हणून तिनं फोन ठेवला. समजली असेल, असं मी धरून चाललो. खरं म्हणजे सुटलो, असं वाटलं मला. पुन्हा फोन करायला मी धजावलो नाही.

तिसऱ्या दिवशी आमचा कागद तहसीलमार्फत तिच्या हातात पडला. दहावी शिकलेली बाई, तिनं स्वतःच वाचला. मृतदेह ताब्यात घेण्यास संमती.

सुट्टीत मी राणीसावरगावला गेलो. तिच्या दिरानं अंगणात बाज टाकली. त्याच्याकडूनच कळलं: गावातल्या बाया पहिल्याच दिवशी येऊन बसल्या होत्या, पण सायबाचा स्वतःचा फोन आलाय, इलाज चालू आहे, असं सांगून तिनं त्यांना परत पाठवलं होतं. मी माफी मागितली. आपल्याकडं बोलतात तसंच बोललो, म्हणालो.

ती खाली बघत म्हणाली, "गावातल्यानं सांगितलं असतं तर मला तवाच कळलं असतं. म्या म्हनलं, सरकारचं मानूस फिरवून बोलत न्हाई." मग म्हणाली, "समद्या गावाला कळलं होतं, सायेब. तीन दिस म्या त्यांच्यासमोर कुकू लावून फिरले."