तरुण संघाचे म्हातारे सेक्रेटरी

शांतवन भोरे तरुण संघाचे सेक्रेटरी झाले तेव्हा त्यांना मिसरूड नुकतीच फुटली होती. शहाण्णव साली पन्नाशी उलटली, तरी सेक्रेटरी तेच. दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

मिरजेच्या पूर्वेला त्यांचं गाव. चर्चच्या मागं ख्रिस्ती वस्तीची थोडी घरं. संघ वडिलांच्या पिढीनं काढलेला. पटकीच्या साथीत वस्तीतली प्रेतं दिवसभर पडून राहिली, कबर खणायला कुणी येईना, तेव्हा पोरांनीच कुदळी उचलल्या. पुढं संघानं रात्रीची शाळा चालवली, नाताळात नाटकं बसवली, आजारी माणसं बाजेवर घालून मिरजेच्या दवाखान्यात पोचवली. बाजेवर ख्रिस्ती आहे, बौद्ध आहे की मराठा, कुणी विचारलं नाही. मग माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा आल्या, नाटकांच्या जागी टीव्ही आला, आणि पोरं पिंपरीच्या कंपन्यांत गेली. संघाकडं कबरी तेवढ्या राहिल्या.

ऑगस्टात रिबकाबाई गेल्या. वस्तीतली निम्मी माणसं या सुईणीच्या हातांवर जन्मलेली, शांतवनसुद्धा. कारखान्यातली रात्रपाळी करून ते नुकतेच घरी आले होते. चहा तसाच ठेवून ते दारोदार फिरले. एकाची पाठ धरलेली, दुसरा पुण्याला, तिसऱ्याला रजा नाही. शेवटी एकटेच दफनभूमीत गेले.

काळी माती पावसानं फुगली होती. खणावं तेवढी कडा ढासळून पुन्हा आत येत होती. कंबरेएवढं खोल गेल्यावर कुदळ वर जायची, पण खाली नेमकी पडायची नाही. कारखान्यातला सोबती नागसेन कळल्याबरोबर धावत आला आणि घमेल्यानं माती उपसू लागला.

"आवं, वर या जरा. तोंड बगा कसं झालंय," तो म्हणाला.

"दुपारी माती द्यायची हाय. वर येऊन कसं चालंल?"

तेवढ्यात चर्चच्या पाळकांची मुलगी कृपा आली. सांगलीला नर्सिंग शिकणारी. मागं तिच्या दोन मैत्रिणी, खांद्यावर पहार आणि फावडी.

"काका, तुमी वर या."

"हे पोरींचं काम न्हाई गं."

"नाताळात गाणी म्हणायला आमी संघात चालतो. मग आज का न्हाई?"

वस्तीचे ज्येष्ठ पंच याकोबमामा काठी टेकत आले आणि समोरचं पाहून जागीच थांबले. "शांतवन, असं आजवर झालं न्हाई."

"आजवर मी दमलो नव्हतो, मामा," शांतवन म्हणाले आणि नागसेनचा हात धरून वर आले.

ते बाभळीखाली बसले. आधी जिवाला बरं वाटलं, मग शरम वाटली. मुलींना सुरुवातीला जमेना. कृपाचा पाय घसरून ती चिखलात बसली, आणि हसायचं की रडायचं तिला कळेना. शांतवननी बसल्या जागेवरून सांगितलं, "कडंला फळ्या लावा. माती ढासळायची न्हाई." नागसेननं फळ्या आणल्या. हळूहळू कबर खोल झाली. मुलींच्या तळहातांना फोड आले.

दुपारी रिबकाबाईंची पेटी खाली उतरवली. दोराचं एक टोक कृपानं धरलं होतं. याकोबमामांनी मूठभर माती टाकली, तिच्याकडं मात्र पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी उपासनेआधी सभा झाली आणि कृपाला सेक्रेटरी नेमलं. परीक्षा झाली की तीही नोकरीला बाहेर जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. याकोबमामा सभेला आलेच नाहीत. शांतवन शेवटच्या बाकावर बसले आणि पाळकांचा उपदेश संपायच्या आत त्यांना झोप लागली. शेजारी बायको मार्था होती. तिनं त्यांना उठवलं नाही.