यू आर ओपनिंग द डोअर

दिवेलागणीला आमच्या फाटकाची कडी वाजली, की तो माझा शाळेपासूनचा दोस्त वामनच; बघायची गरजच नसे. त्या दिवशीही मी आतूनच, नाटकातल्या राजासारखा गरजलो, “यू आर ओपनिंग द डोअर!” पण फाटक उघडलं नाही. बाहेर वामनचा धाकटा भाऊ उभा होता. “भाऊ,” तो म्हणाला, “दादा गेला... दुपारी जेवून पडला, तो उठलाच नाही.”

चिखलीच्या शाळेत मास्तरांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं ते अंगानं. जे करायचं ते आधी मोठ्यानं सांगायचं. समोरच्यानं तेच वाक्य ‘यू आर’ लावून परत करायचं. आणि परत येईपर्यंत करणाऱ्यानं जागचं हलायचं नाही! मास्तरांचा हा नियम बाकीची पोरं वर्गातच सोडून जात. वामननं आणि मी तो घरी आणला.

एकदा विहिरीवरून भरली घागर डोक्यावर घेऊन वामन म्हणाला, “आय अ‍ॅम कॅरिंग वॉटर.” मी बोरं खात गप्प. तो पुतळ्यासारखा उभा. दारातून त्याची आई ओरडली, “काऊन बे वामन्या, अंगात आलं काय तुह्या? आन ना पानी!” वामन ओठातल्या ओठात मला म्हणाला, “सांग ना बे, मान मोडून राह्यली माही!” पण पाय हलवला नाही पठ्ठ्यानं. शेवटी मीच हसत हसत वाक्य परत केलं.

त्याची फेड त्यानं माझ्या लग्नात केली. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली आणि मी सवयीनं पुटपुटलो, “आय अ‍ॅम होल्डिंग द गारलंड.” वामन शेजारीच पान चघळत छताकडे बघत राहिला. भटजी म्हणाले, “नवरदेव, घाला हार!” सासरे घाबरले, नवरी डोळे वर करून बघायला लागली. मी हार घेऊन तसाच! पुरेसा घाम फुटल्यावर मग स्वारी सावकाश वदली, “यू आर...”

पुढे मी कचेरीत चिकटलो, तो सरकीच्या दुकानात बसला. साहेबापुढचं माझं इंग्रजी पोटासाठी होतं. हे दुसरं फक्त आमचं. सगळ्या गावात ते बोलणारी दोनच माणसं होती... आता एकच आहे. एकट्याला ती भाषा बोलता येत नाही, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

महिना होत आला. रात्री दार लावायला उठतो. कडीला हात घालतो आणि तोंडातून निघून जातं, “आय अ‍ॅम क्लोजिंग द डोअर.”

आतून बायको म्हणते, “लावा ना मंग! वारा येऊन राह्यला, दिवा विझंल.”

“लावतो,” म्हणतो. अंगणापलीकडे फाटक दिसतं. वामन उशीर करायचा, पण उत्तर द्यायचा. इतका उशीर मात्र त्यानं माझ्या लग्नातही केला नव्हता.

कडी हातात धरून मी उभाच आहे...